माकडाच्या जागी तुम्ही

निघण्याआधी प्रवासाच्या अटी ऐकून घ्या. मागच्या काळात तुम्ही कुणाला दिसणार नाही, तुमचा आवाज कुणाला ऐकू जाणार नाही, तिथली काडीही तुम्हाला इकडची तिकडे करता येणार नाही. ही सूट फक्त माणसांपुरती आहे. तुमचा श्वास, घामाचा वास आणि अंगाची ऊब तुमच्याबरोबर येणारच, आणि मादी डास माणूस शोधते ती याच खुणांवरून. त्यामुळे प्रत्येक मुक्कामी डास तुम्हाला चावतील. तुमच्याकडून त्यांना काही मिळणार नाही, त्यांच्याकडून तुम्हाला मात्र मिळू शकतं. शेवटची अट अशी, की वर्षं कितीही मागेपुढे सरकली तरी तुमच्या शरीरातलं घड्याळ सरळच चालेल. त्या घड्याळानं हा प्रवास आठवडाभराचा आहे.

पिवळ्या तापाची लस आधीच टोचून घ्या. कार्ड खिशात असू द्या, परतताना लागेल.

सिल्वासा, यंदाचा ऑगस्ट

वापी स्टेशनाबाहेरून शेअर रिक्षात दाटीवाटीनं बसून तुम्ही आमळीच्या कारखान्यांमागे उतरता. सकाळचे आठ वाजलेत. रात्रपाळीचे कामगार परतताहेत, दिवसपाळीचे निघताहेत. एकाच खोलीत दोन पाळ्यांची माणसं आळीपाळीनं झोपतात. चाळीच्या लांब रांगेत दारोदारी निळी पिंपं. पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून भरून ठेवायचं. मागच्या बाजूला प्लास्टिकच्या भंगाराचा ढीग, त्यात टेम्पोचे टायर, आणि टायरांत कालच्या सरीचं पाणी.

आरोग्य खात्याची एक ताई पिंपात बॅटरीचा झोत टाकून वाकते. "पोरा हैं, देखो," ती दारातल्या बाईला सांगते. डासांच्या अळ्यांना इकडे पोरा म्हणतात. बाई आधी पिंपाकडे बघते, मग नळाकडे.

"फेंक देंगे तो शाम तक क्या करेंगे, दीदी?"

ताईकडे याचं उत्तर नाही. ती पिंपात औषध टाकते, भिंतीवर खडूनं तारीख लिहिते आणि पुढच्या दाराशी जाते.

या पिंपातून निघणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती. पायांवर पांढरे पट्टे, चावण्याची वेळ दिवसाची, त्यातही सकाळची आणि दुपार कलल्यानंतरची. तो फार लांब उडत नाही. शंभर-दोनशे मीटर म्हणजे त्याचं सारं जग. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवून. पिंप सुकलं तरी अंडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी पुन्हा चढलं की फुटतात. २०१६ मध्ये सिल्वासा ज्यात येतं त्या दादरा-नगर हवेलीत डेंग्यूच्या चार हजारांवर रुग्णांची नोंद झाली. २०११ च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या होती ३,४३,७०९.

आता चाळीच्या छपरावरून दक्षिणेकडे पाहा. ते डोंगर खानवेलच्या बाजूचे. तिथं साग आहे, खैर आहे, मोह आहे आणि वानरांच्या टोळ्या आहेत. तुमच्या प्रवासाचा प्रश्न या दोन जागांच्या मधला आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका, तिन्ही विषाणूंचं मूळ घर जंगल. डेंग्यूचे जंगली भाऊबंद आजही मलेशियात आणि पश्चिम आफ्रिकेत माकडांमध्ये फिरतात. आमळीच्या चाळीत तर माकड नाही. मग इथं माकडाचं काम कोण करतं?

ब्वांबा, पश्चिम युगांडा, १९४० चं दशक

रुवेंझोरी पर्वताच्या पायथ्याशी तुम्ही शिडीवर चढता. झाडाच्या शेंड्याजवळ लाकडी मचाण बांधलेलं आहे. त्यावर स्थानिक पोरं हातात काचेच्या नळ्या घेऊन बसली आहेत. पायांवर डास बसला की नळी वर उलटी धरायची, बूच लावायचं, तास लिहायचा. दिवसाचे चोवीस तास हे काम चालतं. जमिनीवर वेगळी टोळी, मधल्या फांद्यांवर वेगळी, शेंड्यावर वेगळी. ही पद्धत अलेक्झांडर हॅडो या स्कॉटिश कीटकशास्त्रज्ञाची. तो पिवळ्या तापाचा माग काढतो आहे.

तुम्ही बसल्या बसल्या बघा. दिवसभर शेंड्यावर विशेष काही होत नाही. सूर्य बुडतो, माकडं झोपायच्या फांद्यांवर येऊन दाटीनं बसतात आणि एडिस आफ्रिकानस नावाचा डास बाहेर पडतो. तो वरच राहतो, माकडांना चावतो. खाली झोपडीत झोपलेल्या माणसाशी त्याचा संबंध येत नाही. पिवळ्या तापाचा विषाणू या छतावर माकडाकडून डासात आणि डासाकडून माकडात वर्षानुवर्षं फिरतो. आफ्रिकेतली बहुतेक माकडं त्यानं मरत नाहीत. चार-पाच दिवस विषाणू रक्तात असतो, मग प्रतिकारशक्ती तयार होते आणि ते माकड त्या विषाणूच्या लेखी जन्मभर निरुपयोगी होतं.

मग खालच्या माणसाला पिवळा ताप येतो कसा? दुसऱ्या सकाळी हॅडोबरोबर केळीच्या बागेत उतरा. केळीच्या पानाचा देठ खोडाला जिथं मिळतो तिथल्या बेचक्यात घोटभर पाणी साठतं. त्यात वेगळाच डास वाढतो, एडिस सिम्पसोनी. हा दिवसा चावतो आणि बाग सोडून जात नाही. उन्हं वर आली की लालशेपटी माकडांची टोळी जंगल सोडून केळीवर धाड घालायला येते. त्यांपैकी एखाद्याच्या रक्तात आदल्या आठवड्यात वर मिळालेला विषाणू आहे. सिम्पसोनी त्याला चावतो. विषाणूला डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला आठ-दहा दिवस लागतात. त्यानंतर घड कापायला आलेला शेतकरी त्याच डासाच्या तावडीत सापडतो.

दोन डास, दोन मजले आणि मध्ये बागेत शिरणारं माकड. जंगल आणि गाव जिथं एकमेकांत घुसतं, ती पट्टी म्हणजेच धोका. झाड तोडलं की वरच्या मजल्यावरचा डास खाली येतो, जंगलात शेत घुसवलं की खालच्या डासाला माकड मिळतं. सिल्वासाहून निघताना डोक्यात जी 'माकडापासून रोग' ही वाक्यरचना होती, ती इथं थोडी बदला. माकड इथं केळी खायला आलं होतं. रोग नेला तो बागेच्या बेचक्यातल्या पाण्यानं.

झिका, एंटेबेजवळ, एप्रिल १९४७

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला लागून असलेली जंगलाची एक अरुंद पट्टी. झाडांवर मचाणं आहेतच, पण इथं त्यांवर पिंजरे आहेत आणि प्रत्येक पिंजऱ्यात एक माकड. जवळ जाऊन तोंड पाहा. ओळखीचं वाटेल. हे आफ्रिकेचं माकडच नव्हे. लाल तोंडाचं, तपकिरी अंगाचं हे ऱ्हीसस, उत्तर भारतातल्या कुठल्याही देवळाच्या पायरीवर दिसणारं. आफ्रिकी माकडांना पिवळा ताप फारसा जाणवत नाही. ऱ्हीससला मात्र कडकडून येतो. म्हणून पहारेकरी नेमला तो परदेशी. विषाणू आला की हा तापणार, आणि माणसांना कळणार.

त्या काळात जगभरच्या प्रयोगशाळांना ही माकडं मुख्यतः भारतातून जहाजं भरभरून जात. १९५० च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी ती मागणी आणखी वाढणार आहे. निर्यात थांबवली गेली ती १९७८ मध्ये, पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या काळात. त्यांचं जन्मगाव भदेली, म्हणजे सिल्वासाच्या शेजारच्या वलसाड जिल्ह्यातलं.

१८ एप्रिल. पिंजऱ्यातल्या ७६६ क्रमांकाच्या माकडाचं तापमान ३९.७ अंश सेल्सिअस भरतं. ताप आहे, पण माकड खातंय, पितंय, बघतंय. दोन दिवसांनी त्याचं रक्त काढतात आणि त्यातला द्रव उंदरांच्या मेंदूत टोचतात. उंदीर दहा दिवसांनी आजारी पडतात. जॉर्ज डिक, स्टुअर्ट किचन आणि हॅडो हे तिघं शोधत होते पिवळा ताप; सापडला तो त्याचा अनोळखी नातलग. जंगलाचंच नाव त्याला मिळालं. पुढच्या वर्षी जानेवारीत याच जंगलातल्या आफ्रिकानस डासांतूनही तो वेगळा काढला गेला. निबंध छापून आला १९५२ मध्ये, आणि पुढची कितीतरी वर्षं तो फारसा कुणी उघडला नाही.

संध्याकाळ होते. तुम्ही शिडीवरून उतरत असताना मानेवर काहीतरी टोचतं. हात मारायला उशीर झालेला असतो. खाली उतरेपर्यंत तुम्ही ते विसरूनही जाता.

सिल्वासा, २ ऑगस्ट १९५४

वाटेत पुण्याला थोडं थांबा. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून इथं व्हायरस रिसर्च सेंटर उघडलं आहे. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. एंटेबेत काम केलेले स्मिथबर्न, पुण्याच्या केंद्राचे पहिले संचालक ऑस्टिन केर आणि गटणे असे तिघं भारतीयांच्या रक्ताचे नमुने वेगवेगळ्या विषाणूंशी ताडून बघताहेत. झिकाच्या चाचणीत १९६ पैकी ३३ नमुने प्रतिसाद देतात. झिका आणि डेंग्यू एकाच घराण्यातले असल्यानं एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत दिसू शकतात, त्यामुळे हा आकडा म्हणजे झिका भारतात होताच याचा पुरावा नव्हे. पण प्रश्न मात्र तेव्हापासून टेबलावर आहे.

आता दमणगंगेच्या काठी या. पाऊस धो धो पडतोय. आझाद गोमंतक दलाचे स्वयंसेवक चिखल तुडवत सिल्वासात शिरले आहेत. या मोहिमेत राजा वाकणकर आहेत, संगीतकार सुधीर फडके आहेत. १७८० च्या दशकात मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेलेली नगर हवेली आज त्यांच्या हातून सुटते आहे. घोषणांच्या मागे तुम्हाला दिसतं ते एक लहानसं खेडं. कारखाना नाही, टायर नाही, प्लास्टिकचं पिंप नाही. चहूकडे वारली, कोकणा आणि धोडियांचे विखुरलेले पाडे. १९६१ च्या जनगणनेत सारा प्रदेश मिळून माणसं मोजली जातील ५७,९६३.

इथं खोडावर टेकून एक हिशेब करा. तुमच्या अंगात झिकाच्या जंगलातला तो विषाणू आहे असं धरा. नियम बाजूला ठेवून तो इथल्या डासाला मिळाला असता तर काय झालं असतं? पाड्यावर दोन-चार घरांत ताप आला असता. आठवड्यात ती माणसं बरी झाली असती, आणि पुन्हा त्या विषाणूच्या कामाची राहिली नसती. पुढचा पाडा मैलभर लांब, मध्ये भाताची खाचरं. डासाची उडी शंभर-दोनशे मीटरची. विषाणू संपला असता.

अशा विषाणूला सतत ताजी शरीरं लागतात. जंगलात ती माकडं पुरवतात, पण एका टोळीवर भागत नाही. टोळी बाधून झाली की दुसरी, मग तिसरी, असं विस्तीर्ण रान लागतं. माणसांवरच जगायचं तर किती माणसं लागतात? डेंग्यूबाबतचा शास्त्रज्ञांचा अंदाज दहा हजार ते दहा लाख लोकवस्तीचा आहे. म्हणजे माकड सोडून माणसात कायमचं बिऱ्हाड थाटायचं, तर विषाणूला शहर लागतं. १९५४ च्या सिल्वासात ती सोय नव्हती. पुढे करसवलती मिळाल्या, कापडाच्या धाग्याचे आणि प्लास्टिकचे कारखाने आले, आमळीसारखी वस्ती नगरपालिकेच्या हद्दीत आली, आणि २००१ साली बावीस हजारांच्या आत असलेलं सिल्वासा २०११ मध्ये ९८,२६५ वर पोचलं.

क्यासनूर, शिमोगा जिल्हा, मार्च १९५७

पश्चिम घाटाच्या या जंगलात पाऊल टाकताच कुजका वास येतो. झुडपांत मेलेलं वानर, पुढे आणखी एक, ओढ्याजवळ टोपीमाकड. भोवतालच्या गावांत लोक कडक तापानं आणि रक्तस्रावानं पडले आहेत.

पुण्याहून संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी आले आहेत. त्यांच्या मनात कोणतं नाव घोळतंय ते ब्वांबाहून आलेल्या तुम्हाला लगेच कळेल. माकडं मरताहेत, माणसं तापताहेत, तेव्हा पिवळा ताप आशियात शिरला का? ही भीती जुनी आहे. पनामा कालवा उघडण्याआधीच, १९१३ मध्ये, भारताला पिवळ्या तापापासून कसं वाचवावं यावर एस. पी. जेम्स यांनी लिहिलं होतं. डास इथं आहे, लस न घेतलेली कोट्यवधी माणसं आहेत, आणि हा रोग चटकन होणारी माकडं इथली आहेत. फक्त विषाणू यायचा बाकी.

पण विषाणू निघाला वेगळाच, आणि वाहकही. माकडाच्या अंगावरून गळून पानाच्या कचऱ्यात पसरणारी गोचीड. डासाचा इथं संबंध नव्हता. रोगाला त्या जंगलाचं नाव पडलं, मराठी मुलखात आज त्याला माकडताप म्हणतात. तुम्ही झुडपापासून लांब उभे राहा. गोचिडीलाही तुमचा सुगावा लागतो.

इथून एक गोष्ट पक्की बांधून घ्या. हे माकड रोग घेऊन गावावर चालून आलेलं नाही. ते गावाच्या आधी मेलं आहे. त्याच्या मरणाकडे लक्ष दिलं तर माणसाला काही दिवसांची सवड मिळते.

बार्शी, सोलापूर जिल्हा, १९७३

बहात्तरच्या दुष्काळातून मराठवाड्याच्या सीमेवरचं हे गाव नुकतं बाहेर पडतंय. घरोघरी रांजण, हौद, पत्र्याचे डबे, जिथं साठवता येईल तिथं साठवलेलं पाणी. आणि घरोघरी माणसं आडवी. ओसरीवर एक आजी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करते. नातू पुढे होतो.

"धरू नगंस रं बाबा. हात लावला तरी ठणकतंय. हाडं मोडल्यागत झालीत."

हा चिकुनगुनिया. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियातल्या माकोंडे पठारावर पहिल्यांदा ओळखलेला; आफ्रिकेत तोही माकडं आणि झाडावरचे डास यांच्यात फिरतो. भारतात तो १९६३ मध्ये कलकत्त्यात दिसला, पुढच्या वर्षी मद्रासमध्ये, आणि आता बार्शीत. गावातल्या दर तिघांत एकाहून जास्त जणांना तो होऊन गेला. आसपास माकडांचं जंगल नाही. केळीच्या बेचक्याची जागा रांजणानं घेतली आहे, टोळीची जागा वाड्यानं. माणूस तापतो, इजिप्ती चावते, आठ-दहा दिवसांनी शेजारचा माणूस तापतो. आमळीच्या चाळीत तुम्हाला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर या ओसरीवर आहे.

पण पुढचं ऐकल्याशिवाय बार्शी सोडू नका. या साथीनंतर चिकुनगुनिया भारतातून जवळजवळ नाहीसा झाला. तीसेक वर्षं डॉक्टरांच्या एका पिढीनं तो पाहिला नाही. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा एका वर्षात तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण झाले. पुण्याच्या संस्थेनं विषाणूची जनुकं तपासली तर तो बार्शीचा वंशज नव्हताच. जुना विषाणू आशियाई वंशाचा होता, नवा आफ्रिकेकडून आलेल्या वंशाचा. आफ्रिकेत चिकुनगुनिया कधीच संपत नाही, कारण शहरात विझला तरी जंगलात माकडं तो धरून ठेवतात. आपल्याकडे मात्र बाधायला माणसं उरली नाहीत तेव्हा तो धरून ठेवायला कुणी नव्हतं. बार्शीचा विषाणू विझला तो त्यामुळे.

दोडामार्ग, सिंधुदुर्ग, २०१६ चा हिवाळा

तुम्हाला अंग जरा जड वाटतंय. प्रवासाचा शीण असेल.

काजूचा हंगाम आहे. केर गावाच्या बागांत बोंडं पिकून पडली आहेत. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गेल्या वर्षी माकडताप आला होता. यंदा तो हद्द ओलांडून इकडे आला आहे. बागेच्या कडेला एक बाई डोक्यावरची टोपली सावरत दुसरीला म्हणते, "माकड मेला म्हणान कोण बघता? काजी गोळा करूक जावकच होया." घरची मिळकत तीच आहे, आणि काजूची बाग म्हणजे ब्वांबाच्या केळीच्या बागेसारखीच मधली पट्टी. रानातून माकड येतं, गावातून माणूस येतो.

काही दिवसांत चित्र पालटतं. मेलेलं माकड दिसलं की वनखात्याला फोन जातो, जागेभोवती कीटकनाशक भुकटी पडते, बागेत जाणाऱ्यांना अंगाला लावायचं तेल मिळतं, रक्ताचे नमुने पुण्याला निघतात. साठ वर्षांपूर्वी क्यासनूरला जे शिकलं ते इथं वापरलं जातं. काही घरांपर्यंत मात्र ते उशिरा पोचतं.

बेलसर, पुरंदर तालुका, जुलै २०२१

जेजुरीजवळच्या या गावात महिनाभर तापाची साथ आहे. नमुने पुण्याच्या संस्थेत गेले, बरेचसे चिकुनगुनियाचे निघाले, काही डेंग्यूचे, आणि एका महिलेच्या रक्तात सापडला झिका. महाराष्ट्रातली ही त्याची पहिली नोंद. त्याआधी अहमदाबादच्या बापूनगरात २०१६-१७ मध्ये तीन रुग्ण मिळाले होते, २०१८ मध्ये जयपूरला साथ आली होती. भारतातलं माकड युगांडाच्या पिंजऱ्यात बसून ज्या विषाणूची खबर देऊन गेलं, तो सत्तरेक वर्षांनी त्याच्या मायदेशी सापडला, आणि आता त्याला माकडाची गरज नाही.

इथं तुमचं कपाळ कढत लागतं. डोळे लाल, दंडावर बारीक पुरळ. झिका झालेल्या पाचांपैकी चौघांना काहीच जाणवत नाही. तुम्हाला निदान कळलं तरी. विषाणू आता तुमच्या रक्तात आहे, आणि उद्यापासून तुमची अदृश्यतेची सवलत संपते. वर्तमानात तुम्हाला चावलेला डास तुमच्याकडून घेऊ शकतो.

सिल्वासा, पुन्हा यंदाचं वर्ष

सकाळी खानवेलला जायचा बेत ठरलेला आहे. दुधनीच्या जलाशयात होडी, वाटेत हिरवेगार डोंगर, आणि रस्त्याच्या कठड्यावर बसलेली वानरं. पर्यटक गाडी थांबवून त्यांना बिस्किटं टाकतात, हातभर अंतरावरून फोटो काढतात. जायच्या आधी ब्राझीलची गोष्ट ऐका.

पिवळा ताप अमेरिका खंडातला नव्हे. गुलामांच्या जहाजांतून तो आफ्रिकेतून गेला. ब्राझीलनं इजिप्तीविरुद्ध जंग जंग पछाडलं आणि १९४२ नंतर तिथं शहरी पिवळा ताप राहिला नाही. पण त्याआधीच, १९३२ मध्ये, एस्पिरितो सांतो प्रांतात एक विचित्र गोष्ट लक्षात आली होती. जिथं इजिप्ती नाही अशा रानातही लोक पिवळ्या तापानं मरत होते. माणसांनी आणलेला विषाणू तिथल्या माकडांत आणि झाडावरच्या डासांत कधीच जाऊन बसला होता. तिथून तो आता काढता येत नाही. २०१६ ते २०१८ दरम्यान त्याच बाजूच्या जंगलांत हाउलर माकडं मोठ्या संख्येनं मेली, दोन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, आणि घाबरलेल्या लोकांनी ठिकठिकाणी माकडांनाच मारलं. जी खबर देत होती, तीच.

सिल्वासाजवळ विषाणू माणसांतून रानातल्या माकडांत गेल्याची नोंद नाही. पण त्यासाठी लागणाऱ्या वस्तू जवळजवळ ठेवलेल्या आहेत. लाखभर वस्तीचं शहर, जिथं डेंग्यू आता पाहुणा राहिलेला नाही. त्याला लागून रान. आणि मध्ये एडिस अल्बोपिक्टस, आशियाचाच मूळ रहिवासी, झाडाच्या ढोलीत, बांबूच्या पेरात आणि फेकलेल्या प्लास्टिकच्या कपातही तितकाच सुखी. माणूस मिळाला तर माणसाला चावतो, जनावर मिळालं तर जनावराला. सिम्पसोनीनं केळीच्या बागेत जे केलं, ते उलट्या दिशेनं करायची ताकद याच्यात आहे. फक्त एक तापलेला माणूस रानाच्या कडेला जाऊन बसायला हवा.

तो माणूस आज तुम्ही आहात. म्हणून खानवेलची गाडी जाऊ द्या. श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रक्त द्या, कुठून प्रवास झाला ते नीट सांगा, आणि ताप उतरेपर्यंतच नव्हे तर पूर्ण आठवडा दिवसाढवळ्या मच्छरदाणीत पडून राहा. लोक मच्छरदाणी लावतात ती डासांपासून स्वतःला वाचवायला. या आठवड्यात ती डासांना तुमच्यापासून वाचवण्यासाठी आहे.

तिथं पडल्या पडल्या एवढा हिशेब पुरा करा. युगांडाला पिवळा ताप पुसून टाकता येणार नाही, कारण तिथलं जंगल पुसता येत नाही आणि पुसूही नये. आमळीच्या डेंग्यूचं तसं नाही. त्याचं जंगल भंगारातल्या टायरांचं आणि झाकण नसलेल्या पिंपांचं आहे, त्यातली माकडं म्हणजे पाळीवर जाणारे कामगार आहेत, आणि ते जंगल मोडायला वनखात्याची परवानगी लागत नाही. लागतं ते चाळीच्या नळाला दिवसभर पाणी. ताईच्या बॅटरीला आणि खडूला याहून मोठं काम करता येणार नाही. ते पाणीपुरवठ्याच्या फायलीवर सही करणाऱ्याचं काम आहे. विषाणू फक्त आपल्यातच आहे तोवर त्याचा बार्शीसारखा शेवट होऊ शकतो. खानवेलच्या वानरांत तो एकदा गेला, की ती संधी आपणच घालवलेली असेल.